२४ तासांत उगवलं ते तुमचं रायझोबियम नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोयाबीन घेणाऱ्या एका शेतकरी गटाने जिवाणू खत स्वतःच तयार करायचं ठरवलंय. एका खोलीत स्पिरिटचा दिवा, काचेच्या प्लेट, कुणाकडून तरी मिळालेला जुना ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं) अशी जुळवाजुळव झाली आहे. गटातल्या बीएस्सी झालेल्या मुलीने सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी (यांतच हवेतला नत्र झाडाला मिळवून देणारा रायझोबियम जिवाणू राहतो) धुऊन, ठेचून काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या मीडियावर, म्हणजे जिवाणूंच्या घट्ट खाद्यावर, रेघा ओढल्या आणि प्लेट खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही प्लेटवर लालभडक, फुगीर कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके. "रायझोबियम एवढ्या जोमाने आलंय, तर आता हेच २०० लिटरच्या ड्रममध्ये २ किलो गूळ घालून वाढवायचं का?"

नाही. आणि जोमाने आलंय म्हणूनच नाही.

मी जिवाणू खताच्या प्रयोगशाळेत पंचवीसेक वर्षं काढली. नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एकच हिशोब वहीत करायला लावायची, तोच इथे करू. प्लेटवर नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसायला त्या ठिपक्यात साधारण १० लाख पेशी जमाव्या लागतात. एका पेशीपासून सुरुवात केली तर एकाच्या दोन, दोनाच्या चार असं २० वेळा दुप्पट झालं की १० लाखांचा आकडा ओलांडतो. आतड्यातला ई. कोलाय चांगल्या मीडियात २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे २० दुपटींना ४०० मिनिटं, सात तासही नाहीत. सुरुवातीचा रुळण्याचा वेळ धरला तरी रात्री लावलं की सकाळी दिसतं. सोयाबीनचा रायझोबियम, म्हणजे ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम, मात्र एका दुपटीला आठेक तास घेतो. वीस गुणिले आठ, १६० तास. जवळजवळ सात दिवस.

आता सांगा, तुमच्या प्लेटवर २४ तासांत काय आलं असेल? २४ तासांत आपला हा गडी जेमतेम तीन वेळा दुप्पट होतो, एकाच्या आठ पेशी. आठ पेशी दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. तुम्हाला दिसलं ते मातीतलं, गाठीच्या सालीवरचं किंवा हवेतून पडलेलं दुसरंच काहीतरी आहे.

हरभरा, वाटाणा, बरसीम यांच्यावरच्या जाती आणि सोयाबीनवरची जात यांत फरक आहे, तोही ध्यानात ठेवा. वाटाण्याचा रायझोबियम तीन-चार दिवसांत छान चिकट, मोठी कॉलनी देतो आणि मीडिया आम्लधर्मी करतो. सोयाबीनवाला पाच ते सात दिवस घेतो, कॉलनी मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान, आणि मीडियाचा सामू (पीएच) अल्कलीकडे नेतो. म्हणून आम्ही काही प्लेटमध्ये काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू घालायचो. हिरवा मीडिया पिवळा पडला तर जलद वाढणारा, निळा झाला तर संथ. सोयाबीनच्या प्लेटवर तिसऱ्या दिवशी पिवळं दिसलं की ती प्लेट बाजूला, चर्चा नाही.

रंगाचं म्हणाल तर काँगो रेड रायझोबियमच्या कॉलनीत फारसा शिरत नाही. ती पांढरट, दुधी, फार तर फिकट गुलाबी राहते. लाल रंग पिऊन घेणाऱ्या कॉलनी बहुतेकदा परक्या असतात. ॲग्रोबॅक्टेरियम हा त्यांतला नेहमीचा पाहुणा, गाठीच्या आसपास हमखास असतो. पण इथे एक मेख आहे. प्लेट उजेडात ठेवली तर खरा रायझोबियमही लाल पडू लागतो. काँगो रेडच्या प्लेट अंधारातच ठेवायच्या. तुमच्या खिडकीजवळच्या प्लेटवर रंगाची परीक्षा तशीही बाद झालेली होती. वेळेची परीक्षा मात्र उजेडात ठेवल्याने बदलत नाही.

गाठीतून जिवाणू काढणं हे बरंचसं बाहेरचं मारून आतलं वाचवण्याचं काम आहे. फुलोऱ्यातल्या निरोगी झाडाची, कापल्यावर आतून गुलाबी दिसणारी गाठ घ्या. हिरवट किंवा तपकिरी नको. मुळाचा छोटा तुकडा गाठीला राहू द्या, चिमट्याने धरायला बरं पडतं आणि गाठ फुटत नाही. नळाखाली माती पूर्ण जाईपर्यंत धुवा. मग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दहाएक सेकंद, नंतर ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन-चार मिनिटं. जुन्या पुस्तकांत मर्क्युरिक क्लोराइड लिहिलेलं असतं, आम्हीही ते वर्षानुवर्षं वापरलं, पण ते जहाल विष आहे, गटाच्या खोलीत आणू नका. नंतर निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुवा. लोक नेमकं इथेच घाई करतात. शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नका, त्यातला एक थेंब वेगळ्या प्लेटवर पसरा. त्या प्लेटवर काही उगवलं तर गाठीची साल साफ झालीच नव्हती, आणि बाकीच्या प्लेटवर काय आलं याला अर्थ उरत नाही. या एका थेंबाने माझे कितीतरी आठवडे वाचवले आहेत.

मीडिया साधा आहे. एक लिटर पाण्यात मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.१, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अर्धा ते एक ग्रॅम, अगर १५ ते २० ग्रॅम, सामू ६.८ ते ७. काँगो रेडचं पाव टक्क्याचं द्रावण लिटरला १० मिली. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 'अजून थोडं' घालण्याचा मोह आवरा. त्याने सोयाबीनवाल्यापेक्षा इतरांचंच जास्त फावतं. अगर ओतताना फ्लास्क मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसत नाही पण ऊब चांगली लागते, तेव्हा तो ५० अंशांच्या आसपास असतो. त्याहून गरम ओतला तर झाकणावर पाणी धरतं, ते कॉलनीवर टपकतं आणि सगळं पसरतं. प्लेट उलटी ठेवायची तीही याचसाठी. (अगर म्हणजे आपण फालुद्यात आणि जेलीत घालतो तो चायना ग्रास. तो प्रयोगशाळेत आला एका गृहिणीच्या सांगण्यावरून. जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या डॉक्टर हेसे यांचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जायचं. १८८१ मध्ये त्यांची पत्नी फॅनी हिने आपल्या जेलीतला अगर सुचवला. तो ८५ अंशांपर्यंत वितळत नाही आणि बहुतेक जिवाणूंना खाता येत नाही.)

आता ऑटोक्लेव्ह. तुमचा जुना आहे म्हणता, तर आधी त्याच्याकडेच संशयाने बघा. काटा १५ पौंडांवर गेला म्हणजे आत १२१ अंश झालं असं नाही. आत हवा अडकलेली असेल तर दाब तेवढाच दिसतो, पण तापमान कमी राहतं, आणि बॅसिलस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू त्या तापमानाला मजेत बसून राहतात. म्हणून वरची तोटी उघडी ठेवून गरम करा. सुरुवातीला फुसफुस करत तुटक वाफ येते. ती सलग, जोरात, एकसारख्या आवाजात येऊ लागली की आणखी पाच-सात मिनिटं तशीच जाऊ द्या आणि मगच तोटी बंद करा. काटा १५ वर आला की तिथून २० मिनिटं मोजा. फ्लास्क मोठे असतील तर जास्त, कारण लिटरभर पाण्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये २०० मिलीच भरा. संपल्यावर दाब स्वतःहून शून्यावर येऊ द्या. घाईने वाफ सोडली की मीडिया उसळून फ्लास्कच्या तोंडाचे कापसाचे बोळे भिजतात.

बोळ्यांवरून आठवलं. एका वर्षी मे महिन्यात आमच्याकडे लागोपाठ तीन आठवडे बॅचेस खराब झाल्या. ऑटोक्लेव्ह तपासला, लॅमिनारचे (गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाचे) फिल्टर तपासले, मदर कल्चर (ज्यातून पुढचं सगळं वाढवतो तो मूळ शुद्ध जिवाणू) बदललं, एकमेकांवर चिडून झालं. शेवटी एका फ्लास्कचा कापसाचा बोळा मी कात्रीने उभा कापला. आतल्या बाजूने राखाडी बुरशीचे धागे थेट वरपासून खालपर्यंत उतरले होते. खरेदीत कुणीतरी नेहमीच्या पाणी न शोषणाऱ्या कापसाऐवजी दवाखान्यातला सर्जिकल कापूस आणून ठेवला होता. तो वाफेचं पाणी पितो, ओला राहतो, आणि ओल्या बोळ्यातून बुरशी जिना उतरल्यासारखी आत येते. दिसायला दोन्ही कापूस सारखेच पांढरे. विकत घेताना एक बोळा पाण्यावर टाकून बघा. बुडाला तर परत करा.

आणि पंखा. रेघा ओढताना खोलीतला पंखा बंद, खिडकी बंद, बोलणं बंद. उकडतं, मान्य आहे.

आता ड्रम आणि गूळ. हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही. आपल्या डोक्यात जिवाणू वाढवणं म्हणजे विरजण. दूध तापवलं, कोमट केलं, चमचाभर दही घातलं, झाकून ठेवलं, सकाळी घट्ट. आजीला ऑटोक्लेव्ह लागला नाही, मग आपल्याला का लागावा? कारण दह्यातले जिवाणू जलद वाढतात आणि वाढता वाढता आम्ल तयार करतात. ते आम्लच राखणदार असतं. दुधात दुसरं काही पडलं तरी आंबटपणात त्याचा निभाव लागत नाही. सोयाबीनच्या जिवाणूकडे असला राखणदार नाही. तो संथ आहे, आम्ल करत नाही, आणि आम्ल त्याला मानवतही नाही.

त्यात गूळ. गुळातली मुख्य साखर सुक्रोज, आणि सोयाबीनचा संथ ब्रॅडीरायझोबियम सहसा सुक्रोज वापरू शकत नाही. म्हणजे तुम्ही पंगत मांडली, पण ज्याच्यासाठी मांडली त्याला ते ताट चालत नाही. गूळ खाणारे मात्र त्या ड्रममध्ये हजर असतात, पाण्यातले, गुळातले, ड्रमच्या कडेला चिकटलेले. दोन दिवसांत फेस येतो, चौथ्या दिवशी आंबूस, ताडीसारखा वास. लोक म्हणतात कल्चर तयार झालं. तयार झालेलं असतं ते यीस्ट आणि लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंचं. तुम्ही ओतलेलं लिटरभर रायझोबियम २०० पट पातळ होऊन त्यात कुठेतरी असतं, तेही जिवंत राहिलं तर. ते बियाण्याला चोळून गाठी आल्या नाहीत की दोष जिवाणू खताला.

जीवामृताला हे लावू नका. तिथे अमुक एकच जिवाणू हवा असा दावा नाही. तुम्हाला मात्र एकच हवा आहे, आणि बाकीचे नको आहेत.

बंद, निर्जंतुक ड्रम असता तरी हिशोब बघा. एक टक्का विरजण घातलं तर आपल्या जिवाणूला पूर्ण वाढीपर्यंत १०० पट व्हायचं असतं, म्हणजे पावणेसात दुपटी, सुमारे ५३ तास. त्याच क्षणी अर्ध्या तासात दुप्पट होणारी एक, फक्त एकच, परकी पेशी आत गेली तर तिला ५३ तासांत शंभरावर दुपटींची संधी मिळते. २०० लिटर गच्च भरायला तिला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस पुरतात, जेमतेम एक दिवस. म्हणून विरजण दहा टक्क्यांपर्यंत घालतात, शर्यतीत आपल्या माणसाला आधीच पुढे उभं करायला. पण एका पेशीचीही सूट देता येत नाही, ही या जिवाणूची अडचण आहे.

एका बाटलीने काय होतं याची आपल्याकडची मोठी गोष्ट मुंबईतल्या लशीची आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि जिवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचा जिवाणू वाढवायला घेतला. मांसाच्या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली जिवाणू लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. फ्लास्क हलवला की धागे तुटून तळाशी जात. ते लोंबणं हीच प्लेगच्या जिवाणूची त्यांची ओळखखूण होती, जशी तुमच्यासाठी सहाव्या दिवसाची दुधी कॉलनी. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता जंतुनाशकात बुडवून वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीतलेच. तुमच्या हातून कुणाला टोचायचं नाही हे खरं, पण खाली पडलेला चिमटा पुसून परत वापरायचा मोह रोज होतो. लूप (रेघा ओढायची तार) लालबुंद होईपर्यंत ज्योतीत धरा, मग अगरच्या मोकळ्या कडेला टेकवा. चर्र आवाज आला तर अजून गरम आहे, थांबा.

मग गटाने करायचं काय? माझं स्पष्ट मत, गाठीतून काढत बसू नका. शिकायला छान आहे, मुलीने जरूर करावं, पण खतासाठी प्रमाणित मदर कल्चर घ्या. परभणी, अकोला, राहुरीच्या कृषी विद्यापीठांकडे विचारा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. आलेल्या कल्चरच्या लगेच पाच-सहा तिरप्या नळ्या (मीडिया तिरपा गोठवलेल्या) करून फ्रीजमध्ये ठेवा आणि एक कधीच हात न लावायची म्हणून वेगळी काढा. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी असं वर्षभर करत राहिलात तर जिवाणूची गाठी करण्याची ताकद उतरू शकते. दर हंगामाला त्या मूळ नळीकडे परत यायचं.

नळीतून ५० मिली, त्यातून ५०० मिली, त्यातून ५ लिटर, असं दहापटीने वर जा. प्रत्येक पायरीवर ग्राम स्टेन, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. गुलाबी बारीक काड्या दिसायला हव्यात. जांभळ्या जाड काड्या, साखळ्या, गोळे दिसले तर तो फ्लास्क पुढे न्यायचा नाही, कितीही जीव तुटला तरी. शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) नसेल तर मत्स्यालयाचा छोटा पंप चालतो, पण हवा निर्जंतुक केलेल्या कापसाच्या नळीतून गाळून सोडा. तापमान २८ अंश. आणि हीच तुमची खरी कसोटी आहे. पेरणी जूनमध्ये, म्हणजे कल्चर वाढवायचं एप्रिल-मेमध्ये, तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या पत्र्याच्या खोलीत ४२ अंश असतात. साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो. थंड करणारा बीओडी इनक्युबेटर किंवा एसीची छोटी खोली हवी. पैसे मर्यादित असतील तर ते आधी यावर घाला, लॅमिनार नंतर. ज्योतीजवळ नीट काम करणारा हात लॅमिनारची कसर भरून काढू शकतो, ४२ अंशांची कसर कशानेच भरत नाही.

पूर्ण वाढल्यावर मोजा. दहा-दहा पटींनी पातळ करत दहा लाख पट पातळ होईपर्यंत जा, त्यातला ०.१ मिली प्लेटवर पसरा, अंधारात २८ अंशांवर सहा दिवस ठेवा. समजा ६४ कॉलनी आल्या, तर मिलीला ६४ कोटी जिवाणू. द्रवरूप खताला सरकारी निकष मिलीला किमान १० कोटींचा आहे आणि एक लाख पट पातळ केल्यावर परका जिवाणू दिसता कामा नये. कॉलनी ३० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त असतील तर ती प्लेट मोजू नका.

शेवटची परीक्षा झाडावर. उकळून धुतलेली, ऑटोक्लेव्ह केलेली वाळू, नत्र नसलेलं अन्नद्रव्याचं पाणी, साफ केलेलं बी. काही कुंड्यांत कल्चर घाला, काहींत नाही. महिन्याभराने उपटा. कल्चरच्या कुंडीत आतून गुलाबी गाठी हव्यात आणि दुसऱ्या कुंडीत एकही नको. दुसरीतही आल्या तर पहिलीतल्या गाठी कुणाच्या हे सांगता येत नाही, परत लावा. हे फेब्रुवारीत करून ठेवलंत तर एप्रिलला नेमकं काय वाढवायचं ते माहीत असेल.

राहिल्या त्या तीन लाल प्लेट. काय आहे ते माहीत नसताना झाकण उघडून वास घेऊ नका, मुलांना दाखवू नका. न उघडता तशाच, तोंड सैल ठेवलेल्या पिशवीत घालून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर अर्धा तास ठेवा, मग धुवा. जुन्या ऑटोक्लेव्हची अजून खात्री पटली नसेल तर कुकर वापरा, तो जवळपास तेवढ्याच दाबावर चालतो. पण घरातला नको, गटासाठी वेगळा घ्या आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.